गाडी न येणारा रस्ता

"एकही गाडी नाही" हे नंदनने रिचमंड हिलच्या घरी स्वयंपाकघरात इतक्यांदा म्हटलं होतं, की श्रावणीला ते पाठ झालं होतं. क्यूबेकच्या दक्षिणेकडे द्राक्षमळ्यांतून जाणारी जुनी रेल्वेलाइन, रूळ उखडून तिथे बारीक खडीची सायकलवाट केलेली. दोन दिवस रमतगमत सायकल चालवायची, मोठ्या बॅगा टूरवाले व्हॅनने पुढच्या मुक्कामी पोचवणार आणि अडीच वर्षांची ईशू नंदनच्या सायकलमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये बसणार. "फ्रान्सला जायचं होतं ना तुला? घे. द्राक्षं तीच, भाषा तीच, व्हिसाची कटकट नाही," असं म्हणून त्याने बुकिंग करूनही टाकलं होतं.

वाटेच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं. सायकल आणि ट्रेलर जेमतेम सरकेल एवढीच फट. नंदनला ते फाटक फार आवडलं, त्याने फोटोही काढला. श्रावणीच्या मनात मात्र एकच आलं. गाडी येत नाही म्हणजे ॲम्ब्युलन्सही येत नाही.

फेब्रुवारीत ती आली होती, दारापर्यंत. ईशूला साधा सर्दीचा ताप होता, आणि दुपारी सोफ्यावर खेळता खेळता तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. नंदन नॉर्थ यॉर्कला ऑफिसात. घरात श्रावणी एकटी. आकडी संपली तेव्हा बाहेर सायरन वाजत होता आणि श्रावणीला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. लहान मुलांना तापात असं होतं, मोठी झाली की जातं, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, आमच्या नंदनलाही झाली होती, बघ कसा घोड्यासारखा आहे.

घोडा शेजारी ढाराढूर घोरायचा. श्रावणी ईशूच्या पाठीवर तळवा ठेवून रात्र काढायची. पाठ गरम लागली की उठून थर्मामीटर, नाही लागली की श्वास चालू आहे ना ते बघायचं. सप्टेंबर उजाडला तरी हात तिथेच होता. आता तर दिवसाही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. दुकानात कार्ड द्यायच्या जागी ती घराची किल्ली पुढे करायची.

त्यामुळे सायकलवरही ती मागेच राहिली, ट्रेलरची जाळी दिसेल इतक्या अंतरावर. दोन्ही बाजूंना मळे होते. तिच्या माहेरी, तासगावकडे, द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो. इथल्या वेली कंबरेएवढ्या, रांगेत उभ्या, पाखरांसाठी वरून जाळ्या पांघरलेल्या. वारा नव्हता. खडीचा चुरचुर आवाज, बाकी काही नाही. रिचमंड हिलला हायवेची घरघर कायम असते, तिची तिला सवय झाली होती. या शांततेत कान उगाच टवकारून राहत होते.

"ईशू, काय करतेस बाळा?"

"नथिंग."

थोड्या वेळाने पुन्हा, "ईशू?"

"मम्मा, स्टॉप आस्किंग!"

पुढून नंदन हसला. "बघ, तीच सांगतेय."

"तू पुढे बघून चालव. आणि तो डबा काढ ना, भूक लागलीय."

त्याच्या हँडलच्या पिशवीत श्रीखंडाचा जुना डबा होता, रबरबँड लावलेला. त्यांच्या घरातल्या कुठल्याच श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड नसायचं. एकात मोहरी, एकात बटणं, एकात मेतकूट. हा त्याने सकाळी स्वतः भरला होता आणि तिला हातही लावू दिला नव्हता.

"तो संध्याकाळसाठी."

"आईंचे लाडू आलेत ना पार्सलमधून? एकटा खातोस होय रे लपवून?"

"केळं खा," तो म्हणाला, आणि त्याने वेग वाढवला.

दुपारी ऊन चढलं. एका मेपलच्या झाडाखाली ते थांबले तेव्हा कळलं, की ईशूने पाण्याची बाटली ट्रेलरमध्येच उपडी केली होती आणि मोठ्या माणसांच्याही संपत आल्या होत्या. समोरच्या चढावर एका मळ्याची शेड होती. बाहेर एक बाई कात्री घेऊन घड तोडत होती.

"मी पाणी आणतो," नंदन म्हणाला. "माझं फ्रेंचही तपासून होईल."

"लवकर ये."

"ती शेड दिसतेय बघ, श्रावणी. हाक मारलीस तरी ऐकू येईल."

घोटभर पाणी उरलेली एक बाटली तिच्याजवळ ठेवून तो बाकीच्या घेऊन रांगांमधून चढू लागला. श्रावणीने ट्रेलरची जाळी वर केली. ईशूचे गाल लाल झाले होते, केस कपाळाला चिकटले होते आणि ती बोलत नव्हती. श्रावणीने कपाळाला हात लावला. गरम. मान गरम. पोट, पाठ, सगळंच गरम.

तिने आपली पिशवी उघडली. निळं पाकीट त्यातच असायचं. थर्मामीटर, तापाचं औषध, आकडी लांबली तर नाकात मारायचा स्प्रे. भाजी आणायला जाताना, अगदी बेसमेंटमध्ये कपडे धुवायला जातानासुद्धा ते तिच्याजवळ असायचं. तिने डायपर काढले, टोपी काढली, बिस्किटं काढली. पाकीट नव्हतं. मग सकाळ डोळ्यांसमोर आली: खोलीच्या दारात व्हॅनवाला उभा, ती पेंगुळलेली, आणि हातातलं निळं काहीतरी मोठ्या बॅगेच्या चेनमध्ये कोंबणारी.

बॅग व्हॅनमध्ये. व्हॅन कुठल्याशा मोठ्या रस्त्यावर. आणि ती इथे, ईशूबरोबर, एकटी.

सगळ्यांना वाटायचं, हिला पोरीला सोडवत नाही. कुणाला कसं सांगणार, की उलटंच होतं. तिला ईशूबरोबर एकटं राहण्याचीच भीती वाटायची. नंदन ऑफिसला निघाला की ती त्याला बाथरूममधला नळ, कचऱ्याची पिशवी, काहीही निमित्त काढून पाच मिनिटं अडवायची.

"नंदन!" तिने हाक मारली. हाक चढापर्यंत पोचली नाही. चढावर तो त्या बाईशी हातवारे करत बोलत होता.

निदान ओला रुमाल तरी कपाळावर ठेवावा म्हणून तिने त्याच्या हँडलची पिशवी उचकली. रुमाल नव्हता. श्रीखंडाचा डबा होता. लाडवांखाली पेपर नॅपकिन असतील म्हणून तिने रबरबँड ओढला.

आत थर्मामीटर होता. तापाचं औषध, मापाचं टोपण लावलेलं. नाकातला स्प्रे, नवा, सील न तोडलेला. घडी घातलेला पांढरा रुमाल.

ती बघतच राहिली. मग भानावर येऊन तिने थर्मामीटर ईशूच्या काखेत धरला. यंत्र वाजलं.

ताप नव्हता. नुसती प्लॅस्टिकच्या छताखालची उन्हाची तलखी. श्रावणीने बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी रुमालावर ओतून तिची मान पुसली, मोजे काढले, तिला सावलीत गवतावर बसवलं. ईशूने डोळे उघडले. "आय वॉन्ट ग्रेप्स," ती म्हणाली, जसं काही मघापासून त्याचाच विचार चालला होता.

नंदन भरलेल्या बाटल्या आणि द्राक्षांचा एक घड घेऊन उतरला, आणि गवतावरचा उघडा डबा बघून तिथेच थबकला.

"लाडू छान आहेत," श्रावणी म्हणाली.

त्याने बाटलीचं झाकण काढलं. आधी ईशूला पाणी पाजलं, मग तिच्या कपाळाला हात लावून बघितला. श्रावणीसारखाच, उलटा हात. हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"मार्चपासून. डॉक्टरकडे जाऊन वेगळं लिहून आणलं. एक संच गाडीतही असतो."

"आणि मला? 'काही होत नाही गं, उगाच घाबरतेस.' रोज! हे कुणाला सांगत होतास?"

"दोघांनाही." तो खाली बसला. "दोघंही घाबरलो तर घर कसं चालणार, असं वाटलं. कुणीतरी एकाने धीट दिसायला हवं होतं."

"मग रात्री तरी उठायचंस! मी बसलेली असायचे, नंदन. तू घोरत असायचास."

"कधीकधी खरंच झोपलेला असायचो," तो म्हणाला. "कधीकधी नाही. मी घोरलो की तुला वाटेल सगळं ठीक आहे आणि तू झोपशील, असा हिशेब होता."

"मूर्ख आहेस."

"हो."

ओरडायचं खूप होतं. इतक्या महिन्यांचं साठलं होतं, एकेक रात्र काढून त्याच्या अंगावर फेकता आली असती. पण ओरडायलाही अंगात काहीतरी लागतं. ती गवतावर मागे कलंडली. पाठीखाली खडे टोचत होते, तेही बाजूला करवेनात.

"मला तिच्याबरोबर एकटं राहायची भीती वाटते," तिने आभाळाकडे बघत सांगितलं.

नंदन म्हणाला, "म्हणून तो नळ रोज गळायचा होय."

तिला हसू आलं आणि रडूही. दोन्ही अर्ध्यातच थांबलं.

"मुक्कामाला पोचायला हवं," ती म्हणाली.

"व्हॅन पोचेल. आपलं काय अडलंय? झोप तू. मी बघतो."

"नीट बघ."

"उघड्या डोळ्यांनी. डबा इथेच आहे."

त्याने ईशूला मांडीवर घेतलं आणि द्राक्षं नखाने सोलून, बिया काढून, एकेक तिच्या तोंडात घालू लागला. श्रावणीचा हात सवयीने ईशूच्या पाठीकडे सरकला. तिथे नंदनचा हात आधीच होता. तिने आपला मागे घेतला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. तो कुठे ठेवतात हेच ती विसरली होती.

लांबून सायकलची घंटी वाजली, कुणीतरी जवळ आलं, नंदन हलक्या आवाजात काहीतरी फ्रेंच म्हणाला आणि खडीची चुरचुर हळू होत पुढे निघून गेली.

"डॅडा, इज मम्मा सिक?"

"नाही रे राजा. दमलीय."

"शी इज स्लीपिंग," ईशू कुजबुजली, तोंडात द्राक्ष ठेवून.

अजून नाही, असं श्रावणीला म्हणायचं होतं. ते म्हणायच्या आधीच तिला झोप लागली.