नरहरभाऊंनी शटर ओढलं

सरकारनं किमान मजुरी वाढवली आणि त्याच आठवड्यात सदर बाजारातला प्रत्येक दुकानदार गरीब झाला. ज्यानं पोराच्या वरातीत सगळा रस्ता अडवून ठेवला होता, तोही गल्ल्यावर बसून कपाळ चोळायला लागला. मजुरी काही आभाळाला भिडली नव्हती. महागाईच्या मागे धापा टाकत पळत होती, एवढंच. पण सही एका आकड्यावर घ्यायची आणि हातावर दुसराच ठेवायचा, हा गल्लीचा जुना रिवाज. या खेपेला कुणीतरी तक्रार केली, लेबर इन्स्पेक्टर फिरून गेला, आणि पगार थेट खात्यात टाकायची पाळी आली. खरं दुखणं ते होतं.

साडीवाले नरहरभाऊ बुढापारा मोहल्ल्यातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे रायपूरकर. त्यांच्या दुकानात साड्या दाखवायला दोघी. गोदावरी जुनी, गुडघे दुखणारी. पूर्णिमा नवी, चटपटीत पोट्टी; मराठी समजायचं, उत्तर हिंदीत द्यायची.

"गोदावरीबाई," नरहरभाऊ म्हणाले, "दोघींचा पगार आता झेपत नाही मले. तीजाचा सण होऊ द्या. मग एकीनं घरी बसायचं."

कोण बसणार हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. गोदावरीच्या घरात कमावणारी ती एकटी.

"काढायचं तं आजच काढा ना," ती म्हणाली. "तीजाची गर्दी आमच्याकडून उपसून घ्यायची न् मग हाकलायचं?"

"तोंड फार चालून राहिलं तुमचं."

"त्याचा पगार कुठं मागून राहिली मी?"

तणतणत ती कोपऱ्यावरच्या चहाच्या ठेल्यावर गेली. तिथे लोखंडाच्या दुकानातला हमाल शालिग्राम गमछ्यानं घाम पुसत उभा होता. छत्तीसगडात तीजाला लेक माहेरी येते आणि भावानं तिला साडी घ्यायचीच असते. गोदावरीला एकदम सुचलं.

"काय रे, बहिणीची साडी घेतली का?"

"फुटपाथ से ले लूँगा, दीदी. हर साल वहीं से लेता हूँ."

"पहिल्या धुण्यात रंग बादलीत जाते तिचा! आता पगार वाढला ना? मग आमच्या दुकानात काहून येत नाहीस?"

"सेठ अंदर बैठने देंगे?"

"मी बसवते. तू ये तं खरं."

"हव," तो हसला. "सबको ले आऊँ?"

"सगळ्यांले आण!"

शनिवारी दुपारी ते आले. लोखंडवाल्याचे, किराण्याच्या गोदामातले, खांद्यावर गमछे, पुढे शालिग्राम. हमाल असे गटानं चालताना नरहरभाऊंनी आजवर फक्त हरताळातच पाहिले होते. "मोर्चा आला!" म्हणून ते ओरडले आणि खाडकन शटर ओढलं. दुकानात अंधार.

"पूर्णिमा, पोलिसांले फोन लाव!"

"क्या बोलूँ, भैया? किसने क्या किया?"

गोदावरीला हसू आवरेना. "भाऊ, साड्या घ्यायले आले ते. मीच बोलावले."

"हमाल? माझ्या दुकानात?"

"नोटेवर काय हमाल लिहून असते का?"

तेवढ्यात बाहेरून शालिग्रामचा आवाज आला. "दीदी, बंद है क्या? बगलवाले के यहाँ चले जाएँ?"

शेजारच्या दुकानाचं नाव निघताच, शटर ज्या वेगानं खाली आलं होतं त्याच्या दुप्पट वेगानं वर गेलं.

पांढऱ्या गादीवर पाय ठेवायला माणसं बिचकत होती. गोदावरीनं एकेकाला दंड धरून बसवलं. मग जी मजा सुरू झाली! एकानं बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिकडून सगळं गाव साडी पसंत करायला लागलं. शालिग्रामनं तर पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात पाहिलं.

"ठीक लग रही है क्या?"

"तुझ्यापेक्षा बहिणीले बरी दिसेल," गोदावरी म्हणाली. दुकान हसलं. नरहरभाऊही हसले, मग दचकून बिलं फाडायला लागले.

या गल्लीत प्रत्येक शेठाला वाटत होतं, आपल्या माणसाला दिलेला पगार म्हणजे विहिरीत फेकलेला पैसा. दुसऱ्याच्या माणसाचा पगार आपलं गिऱ्हाईक होऊन येतो, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. समोरच्या बांगडीवाल्यानं एकाला काढलंच होतं, तेही खरंच. त्या माणसाच्या पोटाची भरपाई कुणी केली नाही.

गर्दी ओसरली. गादीवर उलगडलेल्या साड्यांचा डोंगर. गोदावरी त्याच्यापुढे उभी राहिली, पण हात लावला नाही.

"तं मग भाऊ, तीजानंतर कोण घरी?"

"आधी घड्या घाला."

"आधी सांगा."

पूर्णिमानंही हातातली साडी खाली ठेवली. नरहरभाऊंनी दाराकडे पाहिलं. किराणावाल्याचे आणखी दोघे चपला काढत होते.

"कोणी नाही," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"कोणी नाही म्हटलं ना! दोघीही राहा. पण धंदा बसला तं मी पुन्हा बोलीन, सांगून ठेवतो."

"बोला. मीही बोलीन," गोदावरी म्हणाली, आणि घडीसाठी एक साडी उचलून तिचं दुसरं टोक तिनं नरहरभाऊंच्या हातात दिलं.