तालमीत घेतलेलं नाव

मला गप्प पडून राहायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. आणि त्या रविवारी सकाळी फतेगंजच्या मैदानात मी तेच हौसेनं करत होते! खोटा गॅस गळणार, खोटी माणसं गुदमरणार आणि त्यांना वाचवायची तालीम होणार. मॉक ड्रिल. गुदमरलेल्यांत एक मी आणि माझ्या शेजारी सतरंजीवर आडवे झालेले आमचे हे.

ह्यांच्या तर अंगातच आलं होतं. जन्म रिफायनरीत गेला, त्यामुळे सायरन वाजला की हे बाह्या सरसावून तयार. आमची सून प्राची युनिव्हर्सिटीत संशोधन करते, संकटाच्या वेळी मदतीचे फोन कुठे आणि कसे वळवायचे यावर. तिचं ॲप, अग्निशमन दलाचे गुणवंतभाई आणि सरकारी कचेरीतल्या संपदा मॅडम, असं तिघांचं हे काम. बैठका आमच्याच घरी व्हायच्या. चहा मी करायचे, म्हणून सगळं कानावर पडायचं.

मागच्या ड्रिलला बघ्यांनी घाबरून फोन केले आणि गावातल्या अँब्युलन्स मैदानाकडे धावल्या होत्या. म्हणून या वेळी मैदानातून मदतीच्या नंबरवर गेलेला प्रत्येक फोन ड्रिलच्या टेबलावर वळवायचा, असं मॅडमनी सुचवलं. प्राचीनं ते ॲपमध्ये बसवलं. गुणवंतभाई म्हणाले, "सरस!" आणि तिघांनी माझ्या हातची शंकरपाळी संपवली.

मला काम दिलं होतं फोनवर रडायचं. प्राचीनं लिहिलेल्या वाक्यात आधी ह्यांचं नाव होतं. मी स्पष्ट सांगितलं, "नावबिव मी घेणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे." बँकेतसुद्धा मी ह्यांचं नाव प्राचीला सांगायला लावते, तिला ठाऊक आहे. तिनं हसत हसत 'माझे मिस्टर' असं करून दिलं.

तर सायरन वाजला आणि मी ठरल्याप्रमाणे फोन लावला. "माझे मिस्टर बोलत नाहीयेत हो, खरंच सांगते, लवकर या!" टेबलावर प्राचीच होती. खुदकन हसली. "आई, भाजीवाल्याशी भांडल्यासारखं वाटतंय."

हे पडल्या पडल्या टीका करत होते. "कांचन, बघ, स्ट्रेचर उलटं धरलंय गाढवांनी." मी म्हटलं, "अहो, बेशुद्ध आहात तुम्ही, गप्प बसा." आणि हे गप्प बसले.

जरा वेळानं मी वळून पाहिलं. चेहरा राखेसारखा. घामानं सदरा भिजलेला. एका हातानं माझा पदर घट्ट धरलेला. "पुरे झालं नाटक," मी दटावलं आणि तो हात हातात घेतला. बर्फ!

"अगं ए, इकडे ये! ह्यांना बघ!" मी ओरडले. प्रथमोपचाराची मुलगी धावत आली. ह्यांच्या छातीवर खोट्या लक्षणांचं पिवळं कार्ड अडकवलं होतं, ते तिनं वाचलं. "श्वास लागणं, घाम, हात थंड. बरोबर आहे, काकी. मी आधी लाल कार्डवाल्या गंभीर पेशंटना बघते." आणि गेली! तिला शिकवलं होतं तसंच ती वागली.

मी उठून उभी राहिले तर भोंग्यावरून आवाज आला, "बेशुद्ध व्यक्तींनी कृपया उठू नये." लांबून गुणवंतभाईंनी अंगठा दाखवला. "बहु सरस, काकी! हवे जाम्युं!" आता कुठे रंगलं, म्हणे!

अरे देवा! माणूस डोळ्यांदेखत जातोय आणि हे मला शाबासकी देताहेत? मी पुन्हा तोच नंबर लावला. पुन्हा प्राची.

"अगं, हे बोलत नाहीयेत! लवकर या!"

"वा, आई! आता कसं जमलं!"

"प्राची, खरंच सांगते गं!"

"हो हो, अगदी अस्संच."

'खरंच सांगते' हेसुद्धा तिनंच लिहून दिलं होतं, माझ्याच स्वयंपाकघरात बसून. आता खरं सांगायला माझ्याकडे शब्दच उरला नव्हता. ह्यांच्या हातातून माझा पदर सुटला आणि मी जिवाच्या आकांतानं किंचाळले, "जनार्दन! अगं, जनार्दन जातोय!"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि सगळ्या मैदानावर भोंग्यातून प्राचीचा फाटलेला आवाज घुमला, "थांबवा! ड्रिल थांबवा! हे खरं आहे! माझे बाबा आहेत ते!"

कडेला उभ्या अँब्युलन्समधून एक खोटा पेशंट उडी मारून बाहेर पडला आणि त्याच्या जागी ह्यांना घातलं.

सयाजीगंजच्या हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत तिघंही भिंतीला टेकून उभे होते. आगीतून माणसं काढणारे गुणवंतभाई, पण मान वर करत नव्हते. संपदा मॅडम पुटपुटल्या, "खरंच काही झालं तर काय, हे आपल्यापैकी एकानंही विचारलं नाही." माझा पारा चढला. "माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन ठरवलंत ना हे?" प्राचीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मला तिला ढकलताही येईना, जवळही घेता येईना.

डॉक्टर बाहेर आले. हृदयाची नळी उघडली होती, पण हे अजून डोळे उघडत नव्हते. "हाक मारून बघा," ते मला म्हणाले.

"अहो," मी म्हटलं. काही नाही. "अहो, ऐकलंत का?" काही नाही. दारात सगळे उभे होते. उभे राहू देत, मेले! मी वाकले आणि ह्यांच्या कानाशी म्हटलं, "जनार्दन."

पापण्या हलल्या. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत अशी भीती दाटली की मीच हादरले.

"कांचन," हे कसंबसं म्हणाले, "मी... गेलो का गं?"

"नाही हो," मी म्हटलं आणि तिथेच रडायला लागले.