घरात कोण राहतं

आईच्या गाऊनचं वरून दुसरं बटण अकरा मिलिमीटर व्यासाचं आहे आणि त्याचं काज तेरा मिलिमीटर लांब. सकाळी साडेसहाला ते बटण लावायला तिला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. सुटीच्या दिवशी दुपारी दोनला, सांधे जरा सैल झाल्यावर, पन्नास सेकंद. मी एकोणीस दिवस मोजलं. पहिले काही दिवस तिनं मोजू दिलं, कारण तिला वाटलं मी डॉक्टरांसाठी मोजतेय. अर्जासाठी आहे हे कळल्यावर तिनं माझं नाव 'मोजणीबाई' ठेवलं आणि मी हातात घड्याळ घेतलं की ती हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायला लागली. मग मी तिच्याकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळावर मोजायला लागले.

पहिला अर्ज नामंजूर झाला होता तो वेळेमुळे. दवाखान्यात आमचा नंबर दुपारी पावणेतीनला लागला. तोपर्यंत तिचे सांधे बऱ्यापैकी हलत होते. कागदावर आलं, 'मूठ मिटते.' संधिवात सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा, हे मी तिथल्या खिडकीवर तीनदा सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "मग सकाळी यायचं." सकाळी तिला जिना उतरवत नाही, म्हणून तर अर्ज होता. घरी येऊन, सकाळी दहाला पाहणी करा, एवढी एक गोष्ट लिहून मागून ती मिळायला सात महिने गेले.

पाहणीत चाळीस गुण झाले की अपंगत्वाचा दाखला. दाखला झाला की रोज सकाळी तीन तास घरी मदतनीस. ते तीन तास गेली अकरा वर्षं मी होते. उठवणं, गरम पाण्यात हात धरून बसणं, आंघोळ, केस, बटणं. त्यानंतर मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला जाते. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेनं मला विभागप्रमुख म्हणून बोलावलं होतं. मी दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा तिथले संचालक फोनवर म्हणाले, "एक तारखेला या, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो. राग मानू नका."

आईला मी काही बोलले नव्हते. पण एका संध्याकाळी घरी आले, तेव्हा ते पत्र माझ्या टेबलावर पाकिटाशेजारी उघडं पडलेलं होतं. तिनं वाचलं होतं. परत पाकिटात घालणं तिला जमलं नव्हतं. आम्ही दोघीही त्याबद्दल बोललो नाही. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा मात्र ती मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "माझी काय काळजी? पोरगी कुठं जातेय मला टाकून? तिला आहे कोण दुसरं?" भाऊ नेहमीसारखा म्हणाला, "ताई आहे म्हणून आम्ही निर्धास्त." त्याच्या निर्धास्तपणाचं वजन मी कधी मोजलं नाही, एवढंच.

पाहणीच्या दिवशी सहा वाजता आई म्हणाली, "गोळी दे."

"दहाला बाई येणार आहेत. त्या गेल्या की देते."

ती माझ्याकडे बघत राहिली. दुखणं थांबवणारी ती गोळी घेतल्यावर दीड तासानं तिची बोटं थोडी तरी वळतात, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"म्हणजे मला पांगळी करून दाखवायचंय."

"आहेस तशी दाखवायचीय."

"जनावरालासुद्धा कुणी असं करत नाही गं."

"तुझं माझ्यावाचून अडत नाही ना? सगळ्यांना सांगतेस ना?" मी गोळ्यांची पट्टी तिच्यासमोर टेबलावर ठेवली. "घे. काढून घे."

तिनं पट्टी पुढ्यात ओढली. अंगठा वळत नाही म्हणून बोटाचं पेर दाबून पाहिलं. पट्टीची चांदी वाकली, फाटली नाही. मग पट्टी तोंडाशी नेऊन दातांनी धरायला गेली, तर ती हातातून निसटून फरशीवर पडली. खाली वाकणं तर शक्यच नव्हतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी पट्टी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली आणि वेळ वहीत लिहिली. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. हा आकडा पाहणीवाल्या बाईंना दाखवता येईल, असं वाटलं.

"ठेव तुझ्या उरावर," आई म्हणाली. त्यानंतर ती चार तास एक शब्द बोलली नाही. कण्हलीही नाही.

पाहणीला आलेल्या बाई तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, हातात फाईल, आणि जिना चढून आल्यानं धाप. त्यांनी चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि आईच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"काय आजी, कसं काय?"

"आजी कुणाची?" आई म्हणाली. "माझ्या मुलीचं लग्न तरी होऊ द्या आधी. चाळिशीच उलटलीय, फार नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन फाईलमध्ये डोकं घातलं. मग पिशवीतून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर दोन कापडी पट्ट्या ठोकलेल्या, एकीला पाच बटणं, दुसरीला पाच काजं.

"ही पाच बटणं लावायची. एका मिनिटात. नाही झाली तरी काही नाही, हात दुखला की थांबायचं."

मी मनात म्हटलं, झालं. घरी सकाळी एका बटणाला चार मिनिटं लागतात.

आईनं फळी मांडीवर घेतली आणि आधी काजं बघितली. तीस वर्षं तिनं एका शिंप्याच्या दुकानात हातानं काज-बटण केलं होतं. "हे कुणी केलंय?" ती म्हणाली. "कडेचे टाके उसवलेत. दोरा एकेरी घातलाय. आमच्या मालकांनी असलं काज तोंडावर फेकलं असतं."

"सरकारी काज आहे, आजी," बाई हसल्या. "करा सुरू."

आईनं डाव्या हाताच्या मनगटानं कापड फळीवर दाबून धरलं. उजव्या अंगठ्याचं नख वापरता येत नाही म्हणून अंगठ्याच्या फुगलेल्या सांध्याचीच कड बटणाखाली सारली आणि सांधा उलटा ढकलला. तो सांधा त्या दिशेला जात नाही. तिनं नेला. पहिलं बटण आत गेलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. दुसरं. तिसऱ्याला तिचे ओठ पांढरे पडले आणि श्वास थांबला, पण हात थांबला नाही. मी उठून "आई, पुरे" म्हणू शकले असते. मी घड्याळ बघत होते. पाचवं बटण लागलं तेव्हा चोपन्न सेकंद झाले होते. हातचं राखून तिनं काही ठेवलं नव्हतं.

"वा!" बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

आईनं फळी परत दिली नाही, कारण तिला ती उचलवत नव्हती. नुसतं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी गणितात पैकीच्या पैकी गुण आणले की अशीच बघायची.

"मी मोजून ठेवलंय," मी वही पुढे केली. "एकोणीस दिवसांचं. रोज सकाळी—"

"ताई, वही जोडता येत नाही. मी समोर बघेन तेच लिहायचं असतं." बाई आईकडे वळल्या. "आंघोळ?"

"करते."

"केस?"

"विंचरते."

"मी विंचरते," मी म्हणाले.

"त्यांना बोलू द्या. जेवण?"

"जेवते की. न जेवता एवढी झाले का?"

"आई, एकदा तरी खरं बोल. करवत नाही म्हण."

आईनं बाईंना विचारलं, "करवत नाही असा रकाना आहे का हो तुमच्याकडे?"

बाईंनी कागद उलटून पाहिला. "नाही. करतात, मदतीनं करतात, करत नाहीत. तीनच आहेत."

"मग झालं तर. करत नाही म्हणायला मी काय कामचुकार आहे?"

बाईंना हसू आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आईचा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला, फार हळू, काचेचं भांडं घ्यावं तसा. तेव्हा मला कळलं की त्या नवख्या नाहीत. "मूठ मिटा, आजी."

आईनं मिटली. बोटं अर्ध्यावर थांबली. बाईंनी छोटी पट्टी काढून बोटांची टोकं आणि तळवा यांतलं अंतर मोजलं. चौतीस मिलिमीटर. डावा हात, एक्केचाळीस. मनगटं, कोपर, गुडघे. क्ष-किरणाची चित्रं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. आईनं सगळा जोर लावला, पण यात जोराचं काम नव्हतं.

"बटणांचे गुण गेले तुमचे," बाई म्हणाल्या, "आणि बोलण्याचेही बरेच गेले. पण सांधे खोटं बोलत नाहीत." त्यांनी बेरीज दोनदा केली. "त्रेचाळीस. दाखला मिळेल."

माझ्या हातातली वही मी मिटली. आईचा चेहरा उतरला. एवढा जीव काढून लावलेली ती पाच बटणं फुकट गेली होती.

"शिक्का बसला म्हणायचा," ती पुटपुटली. "पाणी दे गं."

मी पाणी आणलं. तिचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. पेला मीच तिच्या तोंडाला लावला. बाईंनी ते पाहिलं.

"आता मदतनिसाचं," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा रकाना. घरात दुसरं सज्ञान, धडधाकट माणूस राहतं का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"राहत असेल तर मदतनीस मिळत नाही. दाखला मिळतो, बाकीच्या सवलती मिळतात. पण घरात करणारं माणूस असेल तर तास शून्य. नियम आहे."

आई सावरून बसली. पाण्याचा थेंब हनुवटीवर होता, तो पुसण्यासाठी तिनं हात उचलला नाही.

"राहते की," ती म्हणाली. "ही काय बसलीय समोर. जन्मापासून इथंच राहते. दगडासारखी धडधाकट आहे. सकाळी माझी गोळीसुद्धा तीच देते." ती गोड आवाजात बोलत होती. "आज तेवढी विसरली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात, एका शब्दाखेरीज.

"हे उत्तर त्या माणसाच्याच तोंडून लागतं," बाई म्हणाल्या. "आणि सही. ताई, तुम्ही इथं राहता ना? नीट विचार करून सांगा. नाही म्हणालात, तर मदतनीस मंजूर होईल. पण तो लगेच येत नाही. सहा आठवडे धरा. कधी आठ. तेवढे दिवस या एकट्या असतील, आणि मधे कुणी चौकशीला आलं आणि तुम्ही घरात सापडलात, तर सगळंच रद्द."

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस सकाळी. मी गुणाकार केला, आणि तो करत असतानाच मला कळलं की उत्तर काय येईल याची वाट मी बघत नव्हते.

"तिला काय विचारता?" आई म्हणाली. "ती बोलून बोलून काय बोलणार? अकरा वर्षं नुसती घड्याळ बघत बसलीय. जायचं असतं तर कधीच गेली असती. कोण घेतंय तिला? लिहा तुम्ही. मुलगी राहते."

बाईंनी लिहिलं नाही. पेन कागदावर टेकवून त्या थांबल्या होत्या.

"आई, तू ते पत्र वाचलंस हे मी बघितलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

मी बाईंकडे वळले.

"नाही," मी म्हणाले. "एक तारखेपासून मी इथं राहत नाही. ती एकटीच राहते. तसं लिहा."