सासूपुरतं कुंकू

दार आईनं उघडलं आणि मी उंबऱ्याबाहेरच थांबले. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. हातांत हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या वर्षश्राद्धासाठीच मी नांदेडहून कुरुंद्याला आले होते.

"आधी आत ये," ती हळूच म्हणाली. "दार लाव."

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली आहे. काही दिसलं की त्याची सगळी शक्य कारणं मनात मांडायची सवय आहे. त्या क्षणी एकच कारण सुचलं, आणि मी ते विचारलंही.

"तू दुसरं लग्न केलंस?"

"याड लागलं का? कोण करील माझ्याशी?" आई हसली. "तुझ्या आजीसाठी हाय हे."

गोजरआजी आतल्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. डॉक्टरांनी तिला डिमेन्शिया असल्याचं बाबा होते तेव्हाच सांगितलं होतं. बाबा गेल्याचं तिच्या लक्षात राहतच नव्हतं. रोज सकाळी ती आईचं मोकळं कपाळ पाहायची आणि विचारायची, "माझ्या वैजनाथला काय झालं?" रोज नव्यानं कळायचं, रोज ती ऊर बडवून रडायची आणि दुपारपर्यंत सगळं विसरायची. शेवटी एका सकाळी आईनं पेटीतलं कुंकू काढलं.

"विचारलं की सांगते, हळद विकायला वसमतच्या मोंढ्यात गेलेत. मग आत्याबाई जेवतात. माझी वेणी घालून देतात. एवढ्या वर्षांत कधी घातली नव्हती."

"पण आई, हे खोटं आहे."

"व्हय, खोटं हाय." आई म्हणाली. "अन् आरशात पाहिलं की मलाबी बरं वाटतं. विचारलंस म्हणून सांगते."

मी दाराची कडी पुन्हा पाहून आले.

"बाहेर जाताना पुसते. जळबा भाऊजींना कळलं तर ते आत्याबाईंना वसमतला आपल्या घरी घेऊन जातील. मागं नेलं हुतं तवा अन्न सोडलं हुतं त्यांनी. आता नेलं तर वाचत न्हाईत."

जळबाकाका, बाबांचे धाकटे भाऊ, दुसऱ्या दिवशी यायचे होते. ते त्याच दुपारी श्राद्धाचं सामान घेऊन परसदारानं आत आले. आईकडे पाहताच त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"वहिनी! लाज हाय का न्हाई?"

"भाऊजी, हळू बोला. आत्याबाई ऐकतील."

"ऐकू द्या! दादाला मरून वर्ष झालं, अन् तुमी नटून बसल्या?"

"कोण मेलं?"

आजी दारात उभी होती.

काकांनी मान खाली घातली. "आई... आपला वैजूदादा."

आता ती रडेल, असं मला वाटलं. ती रडली नाही. सरळ आईकडे गेली, तिचे दोन्ही हात धरले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. काचा उडाल्या. मग पदरानं तिचं कुंकू खसाखसा पुसलं, मग मंगळसूत्राला हात घातला. आताच जेवलो की नाही हे न आठवणाऱ्या बाईच्या हातांना विधवेचा हा क्रम जसाच्या तसा पाठ होता. आजवर रोज बातमी कळायची तेव्हा आईचे हात भुंडेच असायचे, म्हणून हे कधी घडलं नव्हतं. आज चुडा भरलेला होता.

आईनं हात सोडवून घेतले नाहीत. मनगटातून रक्त वाहत होतं.

"आई, सोड! सोड वहिनीला!" काकांनी आजीला मागं ओढलं. ती खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. वर्षापूर्वी मयताच्या दिवशी ऐकलेला, अगदी तोच. काका पांढरेफटक पडले.

"हे रडणं रोज व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"रोज," आई म्हणाली.

मी आजीच्या पाठीवर हात ठेवून बसले. हुंदके हळूहळू विरळ होत गेले. तिनं पाणी मागितलं, प्यायली, आणि मग आईकडे पाहिलं. आई मनगटाला फडकं बांधत होती.

"अगं कमल, हात भुंडे काहून? लागलं का काय? वैजनाथ येईल आता मोंढ्यातून." मग काकांकडे वळून, "जळब्या, पावण्यासारखा बघत काय ऱ्हायला? जा, वहिनीला बांगड्या आन."

काकांनी खाली पडलेली पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. माझ्या पायाखाली काच करकरली.

"आनतो, आई," ते म्हणाले. मग माझ्या आईकडे न पाहता, दबक्या आवाजात, "वर्षश्राद्ध शेतात करू, आखाड्यावरच्या गोठ्यापाशी. हितं नको." दाराशी जाऊन ते थांबले. "माप काय, वहिनी?"

"सव्वादोन." आईनं गाठ दातानं ओढून घट्ट केली. "काचेच्या नका आनू, भाऊजी. प्लास्टिकच्या आना."