दुसरा ग्लास

रुचाने ते सगळं आईला न विचारता ठरवून टाकलं होतं. प्रीतीला कळलं ते कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, जेवताना.

"अबुएला सेड येस," रुचा म्हणाली. "उद्या व्हिडिओ कॉलवर येणारे ती. शाळेच्या लायब्ररीतून आपण कॉल करायचा."

प्रीतीचा हात पोळीवरच थांबला. अबुएला म्हणजे आजी, ब्लांका, प्रीतीच्या नवऱ्याची, आंद्रेसची आई. कोलंबियात, इबागे नावाच्या गावात राहायची. आंद्रेस गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तिने प्रीतीचा एकही फोन उचलला नव्हता. रुचाच्या वाढदिवसाला पार्सल यायचं. आत फ्रॉक असायचा, तोही दर वर्षी एक माप लहान, आणि निरोप कुणालाच नसायचा.

"तुझा फोन कसा काय उचलला तिने?"

"माझा नाही. मारिसोलचा. मातेओज मॉम. शी कॉल्ड फॉर मी."

ऑक्टोबर लॅटिन अमेरिकन वारशाचा महिना म्हणून कॅनडातल्या बर्नाबीच्या त्या सरकारी शाळेत साजरा होत होता. लायब्ररीत देशादेशांची टेबलं मांडायची, मुलांनी घरून काहीतरी आणायचं, संध्याकाळी पालकांनी येऊन बघायचं. वर्गशिक्षिका मिस टॅनने रुचाला हळूच विचारलं होतं, तुला कोलंबियाच्या टेबलावर आवडेल का? रुचा इतकी खूश झाली होती की तिथं उभं राहून काय बोलायचं, याचा विचारच तिने केला नाही. बाबा गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याच्यामागे तिचं स्पॅनिशही कुणाला कळू न देता निघून गेलं. रंग राहिले, आकडे राहिले, झोपताना म्हणायचं एक वाक्य राहिलं. "यू काउंट लाइक अ बेबी," असं वर्गातल्या मातेओने तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

"टेबलावर काय ठेवणार आहेस?" प्रीतीने विचारलं.

"पापाचा फोटो. आणि पाण्याचे टू ग्लासेस. आपण ठेवले होते ना घरी, तसेच."

प्रीती उठली. तिने भाजीचं भांडं झाकलं, मग झाकण काढून पुन्हा नीट बसवलं.

आंद्रेसच्या डोक्यातली रक्तवाहिनी ऑफिसात फुटली होती. ब्लांका धावत आली. अंत्यविधीनंतर तिने दिवाणखान्यातल्या फळीवर त्याचा फोटो मांडला, समोर मेणबत्ती आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. नऊ रात्री प्रार्थना करायची, नवव्या रात्री दार उघडून जीवाला वाट करून द्यायची, तोवर त्याला तहान लागते, अशी तिच्या गावची रीत. प्रीती नागपूरच्या बौद्ध घरातली. मेल्यावर मागे काही उरत नाही, पाणी-पिंड काही नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तरी तिने हरकत घेतली नव्हती. तिसऱ्या सकाळी ब्लांकाने ग्लासाकडे बोट दाखवलं. पाणी खाली गेलं होतं. "बघ," ती म्हणाली, "पिऊन गेला माझा मुलगा."

प्रीती पिण्याच्या पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं कुठलाही नमुना एकटा तपासत नाहीत. शेजारी दुसरा ठेवतात, ज्यात काहीच केलेलं नाही असा, तुलनेसाठी. त्या दिवशी तिने तसलाच दुसरा ग्लास घेतला, दोन्ही त्याच नळाखाली भरले, दोन्हींवर मार्करने रेघ मारली आणि दुसरा त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. रोज सकाळी ती वाकून दोन्ही रेघा बघायची. ब्लांकाने ते दोन दिवस नुसतं पाहिलं. मग तिला कळलं. आपल्या मेलेल्या मुलाची ही परीक्षा घेते आहे, असं ती एकदाच म्हणाली आणि बॅग भरायला लागली. नववी रात्र व्हायच्या आधीच ती विमानाने परत गेली. समजण्यापुरतं स्पॅनिश प्रीतीला येत होतं, समजावण्यापुरतं नव्हतं.

"रुचा," आता ती म्हणाली, "दुसरा ग्लास कशासाठी असतो, ठाऊक आहे तुला?"

"ऑफकोर्स. पहिला पापाचा. दुसरा जो मागे राहतो त्याचा. तू रोज सकाळी बघायचीस ना त्याच्याकडे?" रुचाने पोळीचा घास तोंडात कोंबला. "मिस टॅनला मी सांगितलं, शी क्राइड अ लिटल. तिने ते टेबलावरच्या कार्डवर लिहिलंय पण."

रुचा आंघोळीला गेल्यावर प्रीतीने नागपूरला आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती. कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगून टाक पोरीले, का तो ग्लास तुह्या तपासनीचा होता."

"आता सांगू? कार्ड लिहून झालंय त्यांचं."

"मंग सासूले सांग. तुले कोनं सांगतलं होतं वं रेघा माराले? मी माह्या घरातलं पानी-पिंड बंद केलं, ते माह्यासाठी. तिच्या लेकाचं तिले करू द्याचं होतं."

"आई, तूच शिकवलंस ना, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही?"

"शिकोलं," कांताबाई म्हणाल्या. "पन मी त कोनाच्या मयतीत तपासाले नाही गेली."

दुसऱ्या दिवशी प्रीती प्रयोगशाळेतून लवकर निघाली. कॉलच्या आधी पोचायचं, दुसरा ग्लास उचलायचा आणि मुलीला काहीतरी कारण सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. ब्लांकाला तो पुन्हा दिसला, तर रुचाचंही दार बंद होणार, याबद्दल तिला शंका नव्हती. पण पावसामुळे बस रखडली. ती ओल्या कोटानिशी लायब्ररीत शिरली तेव्हा कोलंबियाच्या टेबलासमोर माणसं जमली होती. आंद्रेस फोटोत हसत होता. त्याच्यासमोर, एका रेषेत, दोन ग्लास. कार्डवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, की कोलंबियात दोन ग्लास ठेवतात, एक गेलेल्याचा आणि एक राहिलेल्याचा. मिस टॅन ते मुख्याध्यापकांना वाचून दाखवत होती.

मारिसोल प्रीतीजवळ सरकली. उंच, मोठ्या आवाजाची बाई, पण आता हळू इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे एकच असतो हं. तुमच्या नवऱ्याच्या गावात वेगळं असेल. सुंदर आहे मात्र."

"मारिसोल, तो दुसरा आधी..."

टॅबलेटवर ब्लांकाचा चेहरा आलाच. केस पूर्ण पांढरे झाले होते. मागे रात्रीची खिडकी होती.

"ओला, अबुएला," रुचा म्हणाली. पाठ केलेली दोन वाक्यं तिने घाईने म्हटली. ब्लांका हसली आणि रडली. मग रुचाने टॅबलेट अभिमानाने टेबलाकडे वळवला.

ब्लांकाने डोळे पुसून नीट पाहिलं.

"दोन कोणी ठेवले?" ब्लांकाने विचारलं. रुचाला प्रश्न कळला नाही. ती नुसती मान हलवत हसत राहिली. "तुझ्या आईला विचार. का दोन?"

मारिसोलने इंग्रजीत सांगितलं. सांगताना तिला कसलीतरी शंका आली असावी, कारण तिने टॅबलेट हातात घेतला आणि प्रीतीकडे धरला. "काय ते मला सांगा. मी जसंच्या तसं तिला सांगते."

तीन वर्षांत पहिल्यांदा प्रीतीला भाषा मिळाली होती, तीही उसनी, आणि समोर फक्त एक म्हातारा चेहरा होता.

"तिला सांगा, मी परीक्षा घेत नव्हते. तिने सांगितलं, तो पाणी पितो. मला ते खरं हवं होतं. त्याच्या ग्लासातलं पाणी दुसऱ्यापेक्षा जास्त खाली गेलं असतं, तर तो येतो असं सिद्ध झालं असतं. खरं हवं असलं की मला एवढंच करता येतं. मी रोज सकाळी तेवढ्यासाठी बघत होते."

मारिसोलने वाक्य वाक्य करत सांगितलं. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बारीक झाला. मग ब्लांकाने विचारलं, आणि हे प्रीतीला भाषांतराशिवाय कळलं.

"आणि? खाली गेलं का जास्त?"

मारिसोल प्रीतीकडे बघत होती. रुचाही. ब्लांकाचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला होता, तिच्या पापण्या दिसत होत्या. एक होकार पुरला असता. जरासं, एवढंही चाललं असतं.

"नाही," प्रीती म्हणाली. "दोन्ही सारखे."

ब्लांकाने डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

"मग तुझा उचल," ती म्हणाली.

प्रीतीने ग्लास उचलला. ब्लांकाने नातीला फोटोसमोर उभं राहायला सांगितलं आणि राहून गेलेली नववी रात्र तिथंच, पोस्टरं आणि कागदी झेंड्यांच्या मध्ये, सुरू केली. ती एक ओळ म्हणायची आणि रुचा मागून म्हणायची, अर्थ न कळता, पण उच्चार नेमका. बापाचा जसा होता तसा. मातेओ तोंड उघडं ठेवून ऐकत होता. शेवटी ब्लांकाने दार उघडायला सांगितलं. मारिसोलने जाऊन लायब्ररीचं दार सताड उघडं धरलं. कॉरिडॉरमधून कुणाच्या तरी स्पीकरवरचं नाचाचं गाणं आणि तळणाचा वास आत आला.

प्रीती उभी होती. ग्लास भरलेला होता, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं.

"रविवारी फोन करेन, मिहा, माझ्या पोरी," ब्लांका नातीला म्हणाली आणि पडदा काळा झाला.

"आई! संडेला फोन करणारे ती. मला!"

"ऐकलं मी."

"आता ठेव ना तुझा ग्लास परत. कार्डवर टू लिहिलेत."

प्रीतीने कार्डकडे पाहिलं. मग मिस टॅनच्या टेबलावरच्या पेनाकडे.

"मिस टॅनला सांग, एक करायला," ती म्हणाली. "कोलंबियात एकच असतो."

"मग तुझा?"

"तो इथला नाही," प्रीती म्हणाली आणि पाणी सांडू न देता, ते ओतायला वॉशरूम कुठे आहे ते शोधत, उघड्या दारातून बाहेर गेली.