उलट्या भिंगाची कैफियत

मी दाराचं भिंग बोलतोय. लांबूनच ऐका, डोळा टेकवायची गरज नाही. बेल वाजली की आतला माणूस कडी काढण्याआधी ज्या काचेच्या टिकलीतून बाहेर बघतो, ती टिकली म्हणजे मी. माझ्याकडे प्रेमानं कोणी येत नाही, जो येतो तो संशय घेऊनच येतो. सख्खा मेव्हणा दारात उभा असला तरी त्याला आधी माझ्यातून तपासतात. मेव्हणा असला तर जरा जास्तच.

एका पाकिटात आम्ही दोघे जुळे होतो. हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्यांच्या खणात सात महिने पडून राहिलो. मग एक दिवस हेडक्लार्ककाका आले. ते नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी आम्हाला उजेडाकडे धरलं आणि ओरखडा आहे का, असं तीनदा विचारलं.

"काका, भिंग आहे, हिरा नाही," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय. हिरा असता तर तुम्हीच सांगितलं असतं."

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एकात काका-काकू, दुसरं त्यांच्या लेकीचं. लेक नवऱ्याबरोबर दूरच्या शहरात गेली. घर कुलपात ठेवण्यापेक्षा सुटीवर आलेल्या पाहुण्यांना आठ-दहा दिवस द्यावं, असं ठरलं. जाहिरात लेकीनं तिकडून टाकायची, चादरी काकूंनी बदलायच्या आणि तक्रारी काकांनी ऐकायच्या. ही वाटणी करताना कोणाचंही डोकं ठिकाणावर नसावं, असा माझा कयास आहे.

सुतारानं माझ्या जुळ्याला काकांच्या दारात नीट बसवलं. माझ्या वेळेला त्याचा फोन वाजला. कान आणि खांद्यामध्ये फोन धरून, "हो गं, आणतो गं," करत त्यानं मला भोकात सरकवलं. उलटा. तोंड खोलीत, पाठ जिन्याकडे. म्हणजे आतल्यानं डोळा लावला तर लांब बोगद्याच्या टोकाला काहीतरी मुंगीएवढं हलताना दिसावं आणि बाहेरच्यानं डोळा लावला तर अख्खी खोली दिसावी. सोफा, टेबल, पंखा, माणूस.

काकांनी काम तपासलं. तपासलं म्हणजे यादी काढली. 'दारास भिंग : आहे / नाही.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यातून पाहिलं नाही. 'आहे'वर खूण, खाली सही, तारीख. झालं.

दोन वर्षं मी तसाच होतो. आतल्या पाहुण्यांपैकी कोणी मला रुमालानं पुसलं, कोणी "खराब झालंय वाटतं" म्हणून सोडून दिलं. तक्रार कोणी केली नाही, कारण काकांकडे तक्रार करणं सोपं नव्हतं. तोंडी तक्रार ते ऐकूनच घेत नसत. वहीत लिहायची, ते तिला क्रमांक देणार, स्थळपाहणी करणार आणि मग लाल शाईत शेरा मारणार. शेरे दोनच. 'कार्यवाही केली' किंवा 'तथ्य आढळले नाही'. दुसरा शेरा लिहून लिहून त्यांचा हात इतका सराईत झाला होता, की तो लिहिताना ते इकडे तिकडे बघूही शकत.

शेवटी व्हायचं ते झालं. एका पाहुण्यानं अभिप्रायात लिहिलं, 'टॉवेल मागितला, मालकांनी अर्ज मागितला.' पाचपैकी एक तारा. त्याच दिवशी लेकीचा फोन आला. काकूंनी तो जिन्यातच घेतला, स्पीकरवर.

"बाबा, ते घर आहे, ऑफिस नाही! अजून एक असा अभिप्राय आला ना, तर मी सरळ विकून टाकते. मला इतक्या लांबून नाही निस्तरता येत."

फोन ठेवल्यावर काकूंनी कठडा धरला. "घर विकलं तर ती सुटीला येऊन राहील कुठे?"

"आपल्याकडे."

"जावईबापूंना तुमच्या घोरण्यात दोन रात्री काढता आल्या नव्हत्या. घर गेलं की तिचं येणं गेलं, लिहून ठेवा."

"कुठल्या वहीत?" काका म्हणाले आणि काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मलाही अंग चोरावंसं वाटलं.

अशा मुहूर्तावर त्या बाई आल्या. एकट्या, बारा दिवसांसाठी. धंद्यानं मुद्रितशोधक. छापायच्या मजकुरातल्या चुका हुडकून काढायच्या, हेच काम तीस वर्षं केलेलं. हे कळल्यावर काकांचा चेहरा उतरला आणि काकूंनी देवाचं नाव घेतलं.

पहिल्याच तासाला दार उघडलं.

"मालक, यादीत सहा चमचे लिहिलेत. आहेत पाच."

"मोजलेत?"

"तुम्ही मोजले होते का?"

काका वही आणायला गेले. पुढचे चार दिवस वही त्या दोन दारांमध्ये सारखी ये-जा करत होती. घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. न्हाणीघराचा नळ थेंब थेंब गळतो. गादीला उजवीकडे खळगा आहे. जाहिरातीत टॉवेल पांढरे आहेत, प्रत्यक्षात सायीच्या रंगाचे. आठ तक्रारी, आठही सुवाच्य अक्षरात.

"ही बाई राहायला आलेली नाही," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "ही शोधायला आलीय. दुपारभर पडदे ओढून बसते. बेल मारली तर पाच-पाच मिनिटं दार उघडत नाही. काय करते काय आत?"

"पुरावे गोळा करते," काका म्हणाले. त्या दिवसापासून समोरच्या दारात माझ्या जुळ्यावर त्यांचा डोळा कायमचा चिकटला. बाई पिशवी घेऊन निघाल्या की पिशवी केवढी, हे ते बघत. परत आल्या की पिशवी फुगली का, हे बघत. मीही बाईंना आतून न्याहाळत होतो. मलाही त्यांचा संशय येत होता. धंदाच तो.

पाचव्या दिवशी बाईंनी मला आतून डोळा लावला, मागे सरल्या, परत लावला. दार उघडून बाहेर गेल्या, पण तेवढ्यात काकूच समोर उभ्या दिसल्या, म्हणून तशाच आत आल्या. मग तक्रार क्रमांक नऊ : 'दाराचे भिंग उलटे असावे. बाहेरून आतले दिसते, असा मला संशय आहे. कृपया तपासावे.'

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो. काका आता येतील, बघतील.

काका आले नाहीत. आपल्या दारातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या वाचून हसले. "भिंग बाहेरचं बघायला असतं. आता हिच्याकडे भिंगही डोळे वटारून बघायला लागलं!" आणि लाल शाईत लिहिलं, 'तथ्य आढळले नाही.' स्थळपाहणी न करता. स्वतःचा नियम त्यांनी मोडल्याचं माझ्या माहितीत हे पहिलंच.

बाईंनी वाद घातला नाही. माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावली आणि मला दोन दिवस अंधार झाला. सातव्या दिवशी चादर बदलायला आलेल्या काकूंनी ती पाहिली. "दाराला पट्ट्या चिकटवतात! रंग निघाला म्हणजे?" असं पुटपुटत नखानं खरवडून काढली.

त्याच दुपारी काका नळाचं उत्तर द्यायला आले. बेल मारली. कोणी उघडेना. पुन्हा मारली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार बंदच. काकांनी मान वाकडी करून ऐकलं. जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. मग वही काखेत मारून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी मला डोळा लावला.

आणि त्यांना सगळं दिसलं.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. मान मागे टाकलेली, चष्मा बाजूला, हातात औषधाची बारकी बाटली. त्या स्वतःच्या डोळ्यात थेंब घालू पाहत होत्या. एक थेंब गालावर पडला. दुसरा कानाजवळ ओघळला. त्यांनी दात आवळले आणि तिसरा कसाबसा डोळ्यात घातला. मग डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या गप्प बसून राहिल्या. औषध मुरेपर्यंत उठता येत नव्हतं, म्हणून दार उघडत नव्हतं. एवढंच होतं ते.

काकांचा श्वास माझ्या काचेवर आला. ते हललेच नाहीत.

"अहो!" मागचं दार धाडकन उघडलं. काकूंनी त्यांच्या भिंगातून सगळा प्रकार पाहिला होता. "लाज आहे का काही? या वयात परक्या बाईच्या दाराला डोळा?"

"हळू. बघ तू."

"मी नाही बघणार असलं काही!"

"अगं, बाईंना नको बघूस. बाहेरून आतलं दिसतंय, हे बघ."

काकूंनी बघितलं आणि पदर तोंडावर धरला. "अगं बाई! म्हणजे दोन वर्षं... अहो, ते नवं लग्न झालेलं जोडपं!"

दोघंही माझ्यासमोर गुन्हेगारासारखे उभे राहिले. आधी सावरल्या त्या काकू. "सुताराला बोलवा. ती बाजारात गेली की गुपचूप फिरवून घ्या. वहीत तुमचा शेरा आहेच, तथ्य नाही म्हणून. कळलं तर ती लिहिणार, लिहिलं की लेक घर विकणार."

बरोबर होतं त्यांचं. मला गप्प फिरवलं असतं तर जगात कोणालाही कळलं नसतं. काकांनी वही उघडली. पानं चाळली. तथ्य आढळले नाही. तथ्य आढळले नाही. तथ्य आढळले नाही.

"यातली किती मी खुर्चीत बसून लिहिली असतील गं?"

"इथली?"

"इथली. तिथली. चौतीस वर्षांतली."

काकांनी खिशातून पेन काढलं, नवव्या शेऱ्यातल्या 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि नियमाप्रमाणे रेघेशेजारी सही केली. मग बेल मारली आणि या वेळी दार उघडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"नववी तक्रार खरी आहे, बाई. आणि ती मी कशी तपासली, तेही सांगायला हवं. आत्ता बाहेरून बघितलं. तुम्ही डोळ्यात औषध घालत होतात."

बाईंनी चष्मा चढवून त्यांच्याकडे पाहिलं. एक डोळा लालबुंद होता. "किती थेंब आत गेले?"

"तिसरा गेला."

"मला वाटलं दुसरा," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन होऊन महिना झाला. दुरुस्तीला आलेली पानं दुहेरी दिसतात. चमचे मोजले ते म्हणूनच. बरोबर येतात का बघत होते."

"पाचच आहेत," काका म्हणाले. "मीही पाहणीला आलो तेव्हा मोजले."

काकू त्यांना बाजूला सारून आत शिरल्या. "दुसरा डोळा राहिलाय ना? द्या ती बाटली इकडे. मान मागे करा." नंतरचे पाच दिवस थेंब काकूंनी घातले. तक्रारी थांबल्या नाहीत, बारापर्यंत गेल्या. फक्त त्या आता काकूंना तोंडी सांगितल्या जात आणि काका ते ऐकू न आल्याचं सोंग करत.

मला फिरवायला सुतार आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "फिरवू नका. काढूनच टाका." माझ्या जागी भोक बुजवायला लाकडाची गुडदी बसली.

त्यांचा अभिप्राय आला तो काकूंनी जिन्यातच मोठ्यानं वाचला. चमचे होते, घड्याळ होतं, टॉवेलचा रंग होता. भिंगही होतं, सविस्तर. शेवटी एक ओळ : 'आधी नाकारलेली ही चूक मालकांनी स्वतः येऊन कबूल केली. माझ्या धंद्यात असं कोणी करत नाही.' तीन तारे. लेकीचा फोन आला. ती आधी ओरडली, मग शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली, मग म्हणाली, "विकायचं नंतर बघू. मी सुटीला येतेय. सहावा चमचा घेऊन येते."

मी आता काकांच्या खणात एका पाकिटात आहे. पाकिटावर लिहिलंय, 'तक्रार क्र. ९, पुरावा.' अधूनमधून काका मला बाहेर काढतात, उजेडाकडे धरतात, काहीतरी विचारायला तोंड उघडतात आणि परत ठेवून देतात. काय विचारायचं आहे ते मला ठाऊक आहे. त्या दोन वर्षांत जिन्यातून कोणाकोणाचा डोळा माझ्यावर टेकला, हे त्यांना हवं आहे आणि नकोही आहे. दूधवाला, पेपरवाला, वरचा भाडेकरू, सगळ्यांवर त्यांचा संशय घेऊन झाला.

तुमच्या दारालाही माझा एखादा भाऊबंद असेल. एकदा बाहेर उभं राहून त्याच्यातून आपल्याच घरात बघा, एवढीच विनंती. आणि हेडक्लार्ककाका कधी भेटले तर माझा एक निरोप सांगा. त्यांना म्हणावं, कोणीही बघितलं नव्हतं. पहिला डोळा तुमचाच होता.