तिसऱ्या गोष्टीतली टकटक

जिनपाल मगदूम कागलच्या एसटीत बसला तेव्हा त्याला एकच गोष्ट बघायची होती. सिनेमात दारावर टकटक किती वेळा होते? आधी तीनदा आणि मग थांबून दोनदा, असं निघालं तर तो कोल्हापूरला परत येऊन झोपणार होता. गेले आठ महिने तो नुसता पडून राहत होता.

सिनेमाचं नाव 'पाच उंबरे'. नाव ऐकून कुणाला काही आठवणार नाही. नेटवर चार-पाच आठवडे होता, मग गेला. जिनपालनं खूप शोधला. पुण्याची लेक, सोनल, तिलाही शोधायला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, आई गेली आणि तुम्ही अजून ते भुताचे सिनेमे कसले शोधताय?" कशासाठी ते त्यानं तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याला आणि त्याच्या बायकोला, रोहिणीला, असल्या सिनेमांचा नाद होता. मोठे, झगमगीत भुताचे सिनेमे त्यांना चालत नसत. त्यांना लागायचे ते हलक्यातले. एका सिनेमात पाच गोष्टी, मधे एखादा म्हातारा नाहीतर रिक्षावाला त्या सांगत बसलेला, भुताचा टोप सरकलेला, रक्त म्हणून काकवीत रंग कालवलेला. काकवी रोहिणी लगेच ओळखायची. "माश्या बघा कशा बसल्यात भुतावर," म्हणायची आणि दोघं हसत सुटायची.

बसायचं हसायला, पण पाचातली एखादी गोष्ट हसू देत नसे. ती कुठली, हे आधी कळायचं नाही. एक फसली तरी वीस मिनिटांत दुसरी सुरू, म्हणून उठवत नसे. शिवाय या सिनेमांतली घरं खरी असायची. सेट परवडत नाही म्हणून कुणाच्या तरी मावशीच्या स्वयंपाकघरात शूटिंग केलेलं. मागं तेच स्टीलचे डबे, तेच बँकेचं कॅलेंडर, तीच दाराला टांगलेली पिशवी. सिनेमा संपल्यावर रोहिणी चहाला उठायची आणि आपल्याच डब्यांकडं बघून थबकायची. "आपल्याच घरात केल्यागत वाटतं हो," म्हणायची.

दिवस मावळायच्या आत जेवणारं जैनाचं घर. साडेपाचला गॅस पेटायचा, म्हणून सिनेमा रविवारी दुपारी, पडदे ओढून. जिनपालनं उद्यमनगरात चाळीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवले होते. मशिनीच्या आवाजानं कान थोडे गेलेले, त्यामुळं टीव्ही मोठ्यानं लावलेला. आणि दोघांची एक ठरलेली गंमत होती. सिनेमातली बाई दाराकडं निघाली की दोघांनी मिळून ओरडायचं, "उघडू नगंस, बाई!" ती उघडायचीच. उघडल्याशिवाय गोष्ट पुढं कशी सरकणार?

रोहिणीचं आणखी एक पक्कं मत होतं. तिसरी गोष्ट पाणचट असते. चांगल्या गोष्टी पहिल्यांदा आणि शेवटी लावायच्या, पडेल ती मधे दडवायची, असं सगळेच करतात म्हणे. म्हणून तिसरी सुरू झाली की ती उठायची, कपडे काढून आणायची, दुधाखालचा गॅस बघायची. जाताना सांगायची, "चौथी लागली की हाक मारा."

'पाच उंबरे' बघितला त्या रविवारीही तसंच सांगून ती मागं परड्यात कपडे काढायला गेली.

मागच्या दाराला जिनपालनं स्वतःच लॅच बसवलं होतं, लोटलं की आपोआप लागणारं. असाच एक सिनेमा बघून झाल्यावर रोहिणी म्हणाली होती, मागचं दार नुसतं लोटलेलं असतं, भीती वाटते. दुसऱ्या दिवशी त्यानं लॅच आणलं. परड्याला तिन्ही बाजूंनी भिंत, बाहेरून वळसा घालून यायला वाट नाही. दार लागलं की आतून कुणीतरी उघडायला लागायचं.

तिसऱ्या गोष्टीत एक बाई इस्त्री करत होती. ती थांबली, दाराकडं वळली. त्याच वेळी जिनपालला टकटक ऐकू आली. तीनदा. तो सवयीनं मोठ्यानं ओरडला, "उघडू नगंस, बाई!" जरा वेळानं आणखी दोनदा आली, दबकी, जड. त्याच्या अंगावर काटा आला. तो तिथंच बसून म्हणाला, "रोहिणी, तुझ्या तिसऱ्या गोष्टीत दम हाय की गं!"

चौथी लागली तेव्हा त्यानं हाक मारली. ओ आली नाही. शेजारणीशी भिंतीवरून बोलत असेल म्हणून त्यानं चौथी अर्धी बघितली. मग उठला. दार उघडायला गेला तर ते जड लागलं. रोहिणी दाराला टेकून बसली होती, मांडीवर वाळलेले कपडे.

डॉक्टर म्हणाले, हृदय एका झटक्यात थांबलं असणार, त्यांना काही कळलंही नसेल. सगळ्यांनी तेच धरलं. सोनलनं तर त्या वाक्यावरच आईचं दुःख पेललं. जिनपालला मात्र ती टकटक आठवत होती. टकटक सिनेमातली असेल तर डॉक्टर खरे. नसेल तर रोहिणीला सगळं कळत होतं, आणि तो आत बसून उघडू नगंस म्हणत होता.

सिनेमा सापडेना. मग मागच्या आठवड्यात दाढी करताना त्याला रोहिणीचं हसणं आठवलं. सुरुवातीच्या पाटीवर कागलच्या एका पिठाच्या गिरणीचे आभार मानले होते. "गिरणीचे आभार मानलेला पहिलाच सिनेमा बघतेय बाई," असं ती म्हणाली होती.

गिरणी सापडायला वेळ लागला नाही. सोमवार असल्यानं ती बंद होती. बाजूच्या जिन्यानं वर एक खोली, जुनं सागवानी दार. आत तिशीतला एक दाढीवाला माणूस कॉम्प्युटरपुढं बसला होता. तोच दिग्दर्शक, वीरेश. गिरणी त्याच्या वडिलांची. जिनपालनं येण्याचं कारण सांगितलं, म्हणजे सिनेमा बघायचाय एवढंच सांगितलं. वीरेश उठून उभाच राहिला.

"अव्वा, ए अव्वा! आपला पिक्चर हुडकत पावणं आलंय कोल्हापूरनं!"

आतल्या खोलीतून त्याची आई आली, नीलम्मा, पदराला हात पुसत. "कुठला पिक्चर? मला भूत केलंतास तो?"

"तोच की."

"बघा अण्णा," नीलम्मा जिनपालला म्हणाली, "पोटच्या पोरानं आईला भूत केलं. तोंडाला पीठ फासलं गिरणीतलं. आठ दिवस शिंकत हुतो मी."

"बाहेरची बाई आणली असती तर पीठ फासून घेतलं नसतं तिनं," वीरेश म्हणाला. "बसा काका. कुठली गोष्ट आवडली तुम्हाला?"

"तिसरी," जिनपाल म्हणाला. "तिसरी लाव."

"आयला! तिसरीच सगळ्यांना आवडली. आम्ही पाणचट म्हणून मधे टाकलेली." तो खूश होऊन फाइल शोधू लागला. नीलम्मा चहा टाकायला आत गेली.

पडद्यावर ती बाई इस्त्री करू लागली. जिनपालनं खुर्ची पुढं ओढली. बोटं मांडीवर ठेवली, मोजायला. बाई थांबली. दाराकडं वळली. खोलीत कसलाच आवाज नव्हता. बाई दाराकडं बघत राहिली, बघतच राहिली. इस्त्रीचा धूर निघू लागला. दाराच्या फटीखाली सावली दिसली. बाईनं कडी काढली. पांढरी फटक नीलम्मा आत आली आणि गोष्ट संपली.

"टकटक कुठाय?" जिनपाल म्हणाला.

"टकटक न्हाईच, काका. तीच तर गंमत हाय."

"आवाज बंद ठेवलायस व्हय तू?"

"न्हाई हो. सांगतो. शूटिंगच्या दिवशी खाली गिरणी चालू. लोकांची दळणं, बंद कशी ठेवणार? सगळ्या आवाजात घरघर आली. मग तेवढा भाग मी मुकाच करून टाकला. टकटक मागनं घालायची हुती, ती राहूनच गेली. लोकांनी खाली लिहिलं, आवाज न्हाई म्हणून जास्त भ्या वाटतंय. मी म्हटलं, बरं झालं, राहू दे."

"नेटवर टाकलेला हाच?"

"हाच. दुसरा केलाच न्हाई."

जिनपालची बोटं मांडीवर तशीच होती. एकही मोडलं नव्हतं. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तीच शांतता. या शांततेत त्यानं दोनदा आवाज ऐकला होता आणि हसत दाद दिली होती.

"काका, घाबरलासा व्हय?" वीरेश म्हणाला.

"टकटक घाल," जिनपाल म्हणाला.

"आं?"

"घालायची राहिलेली म्हणालास न्हवं? आता घाल. गिरणी बंद हाय."

"अहो, त्यातली मजा जाईल…"

"घाल म्हणतो ना मी!"

आवाज एवढा चढलेला ऐकून वीरेशनं वाद सोडला. त्याला वाटलं, म्हातारा माणूस, मुद्दाम कोल्हापूरनं आलाय, करू दे. नंतर काढून टाकता येईल. त्यानं माइक दाराजवळ मांडला, कानाला हेडफोन लावले. "कोण वाजवणार?"

"मी."

"मग बाहेर व्हा. दार लावतो. मी म्हणेपर्यंत आत यायचं न्हाई."

जिनपाल बाहेर आला. दार मागं लागलं. जिन्याच्या चौकटीत साडेतीनचं ऊन पडलं होतं. त्या रविवारीही साधारण हीच वेळ होती. तो दारासमोर उभा राहिला. रोहिणी बोटाच्या पेरांनी वाजवायची, भरभर. त्यानं तसंच वाजवलं, तीनदा. कोरडा, मोकळा आवाज आला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

मग दोनदा. पण उभं राहून वाजवल्यावर तो जड, दबका आवाज काही येईना. चाळीस वर्षं त्यानं लाकूड वाजवून पारखलं होतं. दाराच्या मधे वाजवलं तर दार बोलतं. खाली, उंबऱ्याजवळ वाजवलं तर आवाज आतच राहतो. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं ते स्वतःशी म्हटलं नव्हतं एवढंच.

तो खाली बसला. पाठ दाराला टेकली. हात मागं नेऊन मुठीनं वाजवलं, दोनदा.

तोच आवाज. हुबेहूब.

आतून नीलम्माचा आवाज आला. चहा घेऊन ती आत्ताच बाहेरच्या खोलीत आली असावी. "वीरेश, कोण दार वाजवतंय बघ की. उघडतो मी."

आणि वीरेश ओरडला, "उघडू नगंस, अव्वा!"

जिनपाल तिथंच बसून राहिला. जाड दारातूनही शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला होता. म्हणजे रोहिणीलाही आला असणार. गंमत आहे हे तिला कळलं असेल का? की तिला वाटलं, आता हे उठतील, आता उठतीलच? तिनं दुसऱ्यांदा वाजवलं ते त्याचं ओरडणं ऐकल्यानंतर.

दार उघडलं तसा त्याचा तोल मागं गेला. वीरेशनं त्याला धरलं.

"एक नंबर आला आवाज, काका! ती खालची टकटक तर, काटा आला बघा. तुम्हाला कसं सुचलं खाली बसायचं?"

"तशीच हुती ती," जिनपाल म्हणाला.

"कुठल्या पिक्चरमधी?"

नीलम्मा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं जिनपालच्या तोंडाकडं बघितलं, ट्रे खाली ठेवला आणि पोराला म्हणाली, "गप बस तू."

मग जिनपालनं त्या दोघांना सांगितलं. दारात बसूनच सांगितलं, कपडे, लॅच, चौथी गोष्ट अर्धी बघितली तेही. चहावर साय धरली.

सांगून झाल्यावर वीरेश म्हणाला, "पुसून टाकतो काका ते रेकॉर्डिंग."

"पुसू नको," जिनपाल म्हणाला. "माझ्या लेकीला ऐकवायचं हाय. तिला डॉक्टरचंच खरं वाटतंय अजून."

वीरेश आत जायला वळला. सवयीनं त्याचा हात दाराकडं गेला.

"तेवढं दार उघडं राहू दे," जिनपाल म्हणाला.